खाली दुकान, वर घर : आगीनंतरचा हिशेब

कोणत्याही कापड दुकानदाराला विचारा, आज दुकानात शर्टिंगचे किती तागे आहेत? वही न उघडता तो सांगेल. त्याच माणसाला विचारा की, वरच्या मजल्यावर तुझ्या घरात किती रुपयांचे सामान आहे, कोणत्या वर्षी घेतले, बिल कोठे आहे? तो हसून म्हणेल, ‘घराचाही कोणी स्टॉक काढतो काय?’ मीही असाच हसत होतो. २०२२ च्या मे महिन्यात एका रात्री माझे घर जळाले आणि हे हसणे किती महाग पडते ते कळले. तो हिशेब आज व्यापारी व कारागीर बंधूंपुढे ठेवीत आहे. माझे शिक्षण उर्दू शाळेत झाले, मराठी मी बाजारात शिकलो. भाषेत चूकभूल असेल तर माफ करावी, मुद्दा मात्र लक्षात घ्यावा.

ती रात्र

जळगाव जामोदच्या जुन्या वस्तीत आमचे घर. खाली दुकान, वर राहणे. आजोबांच्या वेळचे धाब्याचे बांधकाम, सागाच्या कड्या, वरची एक खोली नंतर वाढवलेली. ईद होऊन दोन आठवडे झाले होते आणि लग्नसराई चालू होती. वऱ्हाडातला मे महिना म्हणजे रात्रीही भिंती तापलेल्या. कूलर, पंखे, फ्रिज, इन्व्हर्टर असे सगळे एकाच वेळी चालू.

रात्री दोनच्या सुमारास अम्मींना रबर जळल्याचा वास आला. त्यांनी हाका मारल्या म्हणून आम्ही उठलो. टीव्हीच्या शोकेसमागे एक बोर्ड होता. त्यावर फ्रिज, कूलर आणि टीव्ही असे तिन्ही लावलेले. तेथून ज्वाळा पडद्यावर गेली, पडद्यावरून गाद्यांच्या थप्पीवर. पाच मिनिटेही लागली नसतील. खाली उतरायला जिना एकच आणि तो धुराने भरलेला. शेजारच्या किराणा दुकानदाराने आपल्या गच्चीवरून शिडी लावली, त्या शिडीने आम्ही उतरलो. अम्मींना त्याने पाठीवर घेतले.

बंब आला तो गल्लीच्या तोंडाशीच थांबला. आत यायला जागा नव्हती. पाइप जोडत जोडत पाणी आणावे लागले. गल्ली अरुंद करणारे ओटे आणि पायऱ्या कोणी परक्याने बांधल्या नव्हत्या. आम्हीच बांधल्या होत्या आणि त्यांत माझीही पायरी होती.

अल्लाहचा शुक्र की जीवितहानी झाली नाही. पण सकाळी वरच्या मजल्यावर फक्त काळ्या भिंती उरल्या होत्या.

काय जळाले?

लोक येत आणि विचारत, ‘हाजीसाहेब, किती नुकसान झाले?’ मला आकडा सांगता येत नव्हता. मोठा टीव्ही, फ्रिज, कपडे धुण्याचे मशीन, मुलाचा लॅपटॉप ही नावे सांगता येत होती. किमती आठवत नव्हत्या, बिले त्याच कपाटात जळाली होती. वस्तू हप्त्याहप्त्याने, ईदेच्या-दिवाळीच्या सीझनच्या नफ्यातून जमवलेल्या होत्या. एक जुना जपानी टू-इन-वन होता. १९८५ साली चाचा जेद्दाहहून सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी आणला होता. त्या काळी तो ऐकायला सारा मोहल्ला आमच्या ओट्यावर बसे. त्याच्या शेजारी कॅसेटींचा डबा होता. एका कॅसेटमध्ये अब्बांचा आवाज होता. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलताना चाचांनी गंमत म्हणून तो टेप केला होता. टीव्ही आठ महिन्यांनी दुसरा आला. ती कॅसेट कोणत्या बाजारात मिळणार?

पण व्यापारी म्हणून सर्वांत मोठे नुकसान वेगळेच होते. दुकानात धूळ फार म्हणून मुलाने कॉम्प्युटर वर घरात ठेवला होता. उधारीची जुनी वही बंद करून सारे खाते त्यातच चढवले होते. तो जळाला. त्याची नक्कल एका पेन ड्राइव्हमध्ये होती आणि तो पेन ड्राइव्ह त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये होता.

आमच्या भागातला कापडाचा धंदा कसा चालतो ते आपणांस ठाऊक आहे. सोयाबीन निघाल्यावर देतो, कापूस विकल्यावर देतो, या शब्दावर लग्नाचा बस्ता जातो. आग लागल्याचे ऐकून काही शेतकरी आपण होऊन आले. एकाने सांगितलेली रक्कम माझ्या अंदाजापेक्षा जास्त होती. मी म्हटले, एवढी नसावी. तो म्हणाला, शेटजी, तुमची वही जळाली, माझी नाही. असे लोक आहेत म्हणून बाजार चालतो. पण सगळेच आले नाहीत. काही जण दुसऱ्या रस्त्याने जाऊ लागले. मी त्यांना दोष देत बसलो नाही. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद कुरआनात आहे. मी लिहून ठेवले होते, जपून ठेवले नव्हते. ही चूक माझी.

खालचा विमा, वरचा शून्य

दुकानातील मालाचा विमा होता. तो मी हुशारीने काढला होता असे नाही. मालावर बँकेची कॅश क्रेडिट होती आणि बँकेची ती अट होती. खाली आग पोहोचली नाही, पण विझवण्याच्या पाण्याने तागे भिजले. सर्व्हेअर आला, स्टॉक रजिस्टर पाहिले, खरेदीची बिले पाहिली. वेळ लागला, चकरा झाल्या, पण पैसे मिळाले. वरच्या मजल्याबद्दल मी विचारले तेव्हा त्याने पॉलिसीवर बोट ठेवले. पत्ता तोच, इमारत तीच, पण पॉलिसीत लिहिले होते फक्त ‘दुकानातील कापडाचा साठा’.

त्या दिवशी एक गोष्ट डोक्यात बसली. बँकेने आपल्या पैशाची काळजी घेतली होती. माझ्या घराची काळजी घेणे हे बँकेचे काम नव्हते, ते माझे होते. आपल्यापैकी कितीतरी जणांची हीच स्थिती आहे. शटरच्या आतला माल सुरक्षित आणि जिन्याच्या वर बायकामुले, म्हातारे आईवडील, आयुष्याची कमाई, ते सारे अल्लाहच्या भरवशावर. भरवसा त्याचाच आहे, पण मग शटरला दोन कुलपे कशाला लावतो?

ही गोष्ट एका घराची नाही

माझे तर सामानच गेले. औरंगाबादमध्ये, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, ३ एप्रिल २०२४ च्या पहाटे काय झाले ते आठवा. छावणी भागात दाना बाजारात खाली कपडे शिवण्याचे दुकान आणि वर राहती घरे. रमजानचे दिवस, ईद आठवड्यावर आलेली. शिलाई करणाऱ्यांना त्या दिवसांत श्वास घ्यायला फुरसत नसते. पहाटे चारच्या सुमारास खाली आग लागली आणि वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातील ७ जण गेले. त्यांत लहान मुले होती. चार्जिंगला लावलेल्या विजेवरच्या दुचाकीपासून आग लागल्याचे त्या वेळी बातम्यांत आले होते. विशेष लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, ज्वाळा त्यांच्यापर्यंत पोहोचल्याच नाहीत. पोहोचला तो धूर. माणसे गुदमरून गेली.

त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला मुंबईत चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीत तसेच झाले. खाली दुकान, वर घर, पहाटेची वेळ आणि एकाच कुटुंबातील ७ मृत्यू. १८ मे २०२५ रोजी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेलच्या कारखान्याला आग लागली. कारखान्याच्या आवारातच राहणारे मालक, त्यांच्या घरची माणसे आणि कामगार असे ८ जण त्यात गेले. त्याआधी सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात रात्री चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि भाजलेला सात वर्षांचा मुलगा पुढे दगावला.

या घटना शेजारी शेजारी ठेवून पाहा. वेळ बहुतेक रात्रीची किंवा पहाटेची. धंदा आणि घर एकाच छपराखाली. आपला शिंपी, आपला पिंजारी, आपला मागवाला, आपला कापडवाला असेच राहतात. भाडे वाचते, दुकानावर लक्ष राहते, घरातील बायका कामाला हातभार लावतात. ही पद्धत वाईट आहे असे मी म्हणत नाही. आमच्या तीन पिढ्या तशाच जगल्या. पण या पद्धतीची जी जोखीम आहे, ती आपण कधी मोजली नाही.

धागा जाळून पाहणारे आपण

कापड ओळखण्याची आपली जुनी रीत काय? कडेचा एक धागा काढायचा आणि काडी लावायची. सूत असेल तर कागदासारखे जळते, मऊ राख पडते. रेशीम, लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो. पॉलिस्टर असेल तर आक्रसते, वितळते, काळा धूर सोडते आणि कडक मणी राहतो. हे सर्व आपण एका धाग्यावर रोज पाहतो. मग दुकानात हजार तागे असताना तो धूर किती होईल, हा विचार आपल्या मनात का येत नाही?

पूर्वी दुकानात मांजरपाट, लठ्ठा, खादी असे सुती कापड जास्त असे. आज सुरतेचा सिंथेटिक माल जास्त आहे. घरातही पूर्वी कापसाच्या गाद्या होत्या, आज फोम आहे. फोम, नायलॉन, अ‍ॅक्रिलिक जळताना नुसता धूर होत नाही, विषारी वायू होतो. आणि धूर नेहमी वर जातो. दुकानाच्या वरची खोली म्हणजे त्या धुराचे धुराडे. झोपलेल्या माणसाला जाग येण्याआधीच त्याची शुद्ध जाते. कापसाची तऱ्हा याहून वेगळी. गाठीच्या पोटात ठिणगी तासन् तास धुमसत राहते आणि सर्वांना वाटते की आग विझली. पिंजारी बंधूंना हे सांगायची गरज नाही.

म्हणून दुकानाच्या आतूनच घरात जाणारा जिना हा सर्वांत मोठा धोका आहे. त्या जिन्याला खालच्या बाजूस बंद होणारे चांगले दार हवे आणि वरून बाहेर पडण्यास दुसरी वाट हवी. गच्चीच्या दाराला चोराच्या भीतीने कुलूप लावतो, तर त्याची किल्ली दाराजवळच खिळ्याला टांगलेली हवी. आमच्या गच्चीची किल्ली त्या रात्री दुकानाच्या गल्ल्यात होती. खिडकीला गज नसता तर शिडीची पाळी आली नसती असेही नाही, पण तो एक गज सैल होता म्हणून आम्ही आज आहोत.

वायरचा काउंट कोणी विचारत नाही

सूत घेताना आपण काउंट विचारतो. चाळीसचे की साठचे? वायर घेताना मात्र ‘स्वस्तातली द्या’ एवढेच म्हणतो. वायरलाही नंबर असतो, चौरस मिलिमीटरचा. सुतात नंबर वाढला की धागा बारीक होतो, वायरमध्ये उलटे आहे. साधारणपणे दिव्या-पंख्याला १ किंवा दीड, प्लगला अडीच आणि एसी-गिझरला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर लावतात. हजार वॅटची इस्त्री चार अँपियरहून जास्त वीज ओढते, दोन हजार वॅटचा गिझर सुमारे नऊ. वायरमधून जाणारी वीज दुप्पट झाली की उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. जुन्या घरातल्या वायरी दोन बल्ब आणि एका रेडिओसाठी टाकलेल्या असतात. सामान चौपट झाले, वायर तीच राहिली.

माझ्याकडे मात्र नुसत्या लोडने आग लागली नव्हती. दुसऱ्या दिवशी वायरमनने भिंतीतून एक तुकडा ओढून दाखवला. जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या वायरीला नवी तांब्याची वायर नुसती पिळून जोडलेली आणि वर पट्टी गुंडाळलेली. असा जोड वर्षानुवर्षे सैल होत जातो आणि तापतो. या तापण्याची खबर फ्यूजलाही लागत नाही, कारण वीज तेवढीच वाहत असते. आणि पुढे शॉर्ट झाले तेव्हा फ्यूज उडायला हवा होता, तर तो उडाला नाही. वारंवार उडतो म्हणून कटआउटमध्ये जाड तांब्याची तार घातलेली होती. ती कोणी घातली? मीच. कूलर बंद पडू नये म्हणून.

म्हणून कारागीर बंधूंना विनंती आहे. घर रंगवण्याआधी वायरिंग तपासा. आयएसआय चिन्हाचीच वायर घ्या. कटआउट काढून एमसीबी बसवा आणि गळती पकडणारा आरसीसीबीही बसवा. जोड भिंतीत दडवू नका. इस्त्री, मोटरची शिलाई मशीन, कूलर, फ्रिज यांना स्वतंत्र प्लग द्या. एक्स्टेन्शन बोर्ड हा पाहुणा आहे, त्याला घरजावई करू नका. विजेवरची गाडी जिन्याखाली, मालाजवळ किंवा झोपायच्या खोलीत चार्जिंगला लावू नका आणि रात्रभर तर मुळीच नको. डिसेंबर २०२२ पासून सरकारने बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक केले आहेत, पण नियम नव्या गाडीला वाचवतील, जुन्या प्लगला नाही.

या बाबतीत आपल्याला नवीन काही शिकायचे आहे असेही नाही. मदिन्यात एका रात्री एक घर माणसांसह जळाल्याची बातमी आली, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी झोपण्यापूर्वी आग विझवण्याची ताकीद दिली, असे हदीसमध्ये आले आहे. त्या काळी दिव्याची वात होती, आज प्लग आहे. मेन बटन पाहूनच झोपणे ही सुद्धा त्याच शिकवणीवर चालण्याची गोष्ट आहे.

सरकारी मदतीचा आकडा

आग लागल्यावर लोक म्हणतात, तहसीलमध्ये अर्ज करा. जरूर करावा. महाराष्ट्रात आकस्मिक आग ही मदतीस पात्र आपत्ती मानलेली आहे. पण आकडे माहीत असावेत. केंद्राने २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरवलेल्या निकषांत सपाट भागातील पूर्ण नष्ट झालेल्या घरासाठी १ लाख २० हजार रुपये, कपड्यांसाठी प्रति कुटुंब २,५०० आणि भांडी व घरगुती सामानासाठी २,५०० रुपये होते. टीव्ही, फ्रिज, कॉम्प्युटर, शिलाई मशीन सारे या शेवटच्या अडीच हजारांत. यात सरकारला नावे ठेवण्याचा हेतू नाही. ती मदत माणूस उभा राहावा म्हणून असते, नुकसानभरपाई म्हणून नसते. हे दोन्ही वेगळे आहेत, एवढे आपण समजून असावे.

आग गॅस सिलिंडरमुळे लागली असेल तर आणखी एक मार्ग आहे. तेल कंपन्यांनी नोंदणीकृत ग्राहकांसाठी विमा घेतलेला असतो. त्यात मृत्यूसाठी प्रत्येकी ६ लाखांपर्यंत आणि ग्राहकाच्या नोंदणीकृत पत्त्यावरील मालमत्तेच्या नुकसानीसाठी एका घटनेस २ लाखांपर्यंत तरतूद आहे. गॅस एजन्सीला ताबडतोब लेखी कळवावे लागते. कनेक्शन दुसऱ्याच्या नावावर किंवा जुन्या पत्त्यावर असेल तर अडचण येते. आपल्या मोहल्ल्यात अशी किती कनेक्शने आहेत ते प्रत्येकाने मनात मोजावे.

विम्याबद्दल दोन शब्द

घराच्या विम्यासाठी १ एप्रिल २०२१ पासून सर्व साधारण विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी आली. घराच्या बांधकामाचा विमा काढला की त्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, घरातील सामानाला आपोआप संरक्षण मिळते. जास्त हवे असेल तर यादी देऊन वाढवता येते. भाडेकरूही फक्त सामानाचा विमा काढू शकतो. आग, वीज पडणे, पूर यांबरोबर दंगलीतील नुकसानही त्यात येते. दुकान व छोट्या कारखान्यासाठी ५ कोटींपर्यंत ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही वेगळी पॉलिसी आहे.

यात काही बारकावे आहेत. ज्या फ्रिजमध्ये शॉर्ट झाले तो फ्रिज विमा कंपनी देत नाही. त्या फ्रिजमुळे लागलेल्या आगीत जे इतर जळाले ते देते. रोकड आणि कागदपत्रे साधारणपणे घराच्या विम्यात येत नाहीत. सीझनचा माल वरच्या खोलीत ठेवायचा आणि पॉलिसीत ‘राहते घर’ लिहायचे, हे करू नका. दावा नामंजूर होईल आणि आपली इमानदारीही जाईल. दुकानदारांनी आणखी एक लक्षात घ्यावे. जळालेल्या मालावर घेतलेले जीएसटीचे क्रेडिट कायद्याने परत करावे लागते. म्हणून मालाची विमा रक्कम ठरवताना कर धरला आहे की नाही, हे आपल्या सी.ए.ला विचारा.

आता आपल्या मनातील खरी अडचण. पुष्कळ बंधू विम्यापासून दूर राहतात, कारण त्यात व्याज आणि अनिश्चितता आहे. ही भावना आदराची आहे. इस्लामी देशांच्या संघटनेच्या फिकह अकादमीने १९८५ मध्ये जेद्दाह येथे व्यापारी विमा नाकारला आणि परस्पर सहकार्यावर आधारलेला विमा मान्य केला. सुदानने १९७९ मध्ये आणि मलेशियाने १९८४ च्या कायद्याने तकाफुलची वाट धरली होती. भारतातील उलेमांनी येथील दंगलींची परिस्थिती समोर ठेवून स्वतंत्र विचारही केला आहे. मी फतवा देणारा कोणी नाही. ज्याने त्याने आपल्या विश्वासातील मुफ्तीसाहेबांना विचारावे. पण एक प्रश्न मी जरूर विचारीन. जे भाई विमा काढत नाहीत, त्यांनी त्याऐवजी काय केले आहे? विमा नाही, बचत नाही, निधी नाही, तपासणीही नाही, याला तवक्कुल म्हणत नाहीत. याला गफलत म्हणतात.

बाजाराने एकत्र काय करावे?

माझे घर जळाल्यावर बिरादरीने आणि बाजाराने मदत केली. कोणी धान्य दिले, कोणी गाद्या दिल्या, बऱ्हाणपूरच्या एका जुन्या व्यापाऱ्याने सहा महिन्यांच्या मुदतीवर माल पाठवला. ती मदत मी विसरणार नाही. पण ही मदत माझ्या ओळखीमुळे मिळाली. ज्याची ओळख नाही, जो भाड्याच्या खोलीत एका मशीनवर शिवतो, त्याचे काय? त्याची मशीन जळाली म्हणजे त्याचे दुकान, घर आणि रोजी एकाच रात्री गेली. जकातीच्या आठ हक्कदारांत कर्जात बुडालेला माणूस आहे. आगीत सर्वस्व गेलेला कारागीर बहुधा त्याच दारात उभा असतो, फक्त तो हात पसरत नाही.

म्हणून सूचना अशी की, प्रत्येक बाजारपेठेने आपला एक छोटा आगनिधी उभारावा. दुकानामागे महिना शंभर रुपये. हा विमा नव्हे, कोणाला ठरावीक रकमेचे वचन द्यायचे नाही. ही मदत आहे, तबर्रू आहे, आणि हिशेब दर वर्षी बाजारात वाचून दाखवायचा. यात हिंदू-मुस्लिम असा भेद नसावा. माझ्या अम्मींना शिडीवरून उतरवणाऱ्याने भेद केला नव्हता. याच निधीतून गल्लीच्या दोन्ही टोकांना पावडरची अग्निशामक उपकरणे ठेवावीत, वर्षातून एकदा वायरमन लावून गरीब कारागिरांचे बोर्ड तपासून घ्यावेत. आणि ओटे मागे घ्यावेत. सुरुवात माझ्या पायरीपासून झाली आहे, ती मी तोडली.

घरोघरी करण्यासारखे एवढेच. आज संध्याकाळी दुकान बंद केल्यावर मोबाइल घेऊन घरातून एक फेरी मारा. प्रत्येक खोलीचे, प्रत्येक यंत्राचे, त्याच्या मागील नंबराचे फोटो घ्या. बिले, सातबारा किंवा नमुना आठ, पॉलिसी, शाळेचे दाखले यांचेही फोटो घ्या. ते फोटो आणि उधारीचे खाते दुसऱ्या गावच्या भावाकडे किंवा मुलीकडे पाठवून ठेवा. नक्कल त्याच छपराखाली असेल तर ती नक्कल नव्हे. आग लागलीच तर आधी माणसे बाहेर, मग मेन स्विच बंद, मग १०१ किंवा ११२. चालू विजेवर पाणी टाकू नका. नंतर तलाठ्याचा पंचनामा, पोलिसांतील आकस्मिक जळिताची नोंद, अग्निशमन दलाचा दाखला हे तिन्ही कागद घ्या आणि ते हाती येईपर्यंत राख हलवू नका. मी लाजेखातर दुसऱ्याच दिवशी सारे साफ केले. पुरावा मी स्वतःच झाडून टाकला.

बंधूंनो, टीव्ही-फ्रिज पुन्हा येतात. आमच्याकडेही आले. पण आता घरात एक वही आहे. मुलाने तिच्यावर उर्दूत ‘घर का स्टॉक’ असे लिहिले आहे. त्यात प्रत्येक वस्तूची तारीख, किंमत आणि ती कोणत्या प्लगवर आहे हे लिहिले जाते. तिची नक्कल बहिणीकडे खामगावला असते. दर ईदेनंतर दुकानाची मोजदाद होते, त्याच दिवशी घराचीही होते. पहिल्या वर्षी शेजारी हसले. या वर्षी त्यांच्यापैकी दोघांनी वहीचा नमुना मागून नेला.

अल्लाह आपणा सर्वांची घरे-दुकाने सलामत ठेवो आणि आपल्याला आपल्या हिश्श्याची काळजी घेण्याची बुद्धी देवो. आमीन.